टायरच्या भिंतीवरचा शिलालेख

शिलालेख वाचणारा माणूस अक्षरे लावून झाली की तीन प्रश्न विचारतो. लेख कोणी कोरवला, कधी कोरवला आणि कशासाठी कोरवला? मजकुराचा खरा अर्थ पुष्कळदा या उत्तरांतूनच उलगडतो. एकाच शिळेवर दोन काळांतले, दोन हातांचे लेख असतील तर हे प्रश्न अधिकच गरजेचे होतात. प्रस्तुत लेखात असाच एक दुहाती लेख वाचायचा आहे. तो रबरावर उमटवलेला आहे.

उत्तर अमेरिकेत हिवाळ्यात धावणाऱ्या एखाद्या पिकअप ट्रकच्या टायरच्या भिंतीवर असा मजकूर आढळतो: ‘एलटी २७५/७० आर १८, १२५/१२२ क्यू’. जवळच ‘लोड रेंज ई’ हे शब्द, ‘एम अधिक एस’ ही खूण, तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमाचा एक स्फटिक. आणखी शोधले तर एका लंबगोलात चार आकडे. मिनेसोटात, शिकागोच्या आसपास किंवा कॅनडात राहणारी मराठी माणसे आता आपल्या नात्यागोत्यात सर्रास असतात. त्या मुलखात ‘ट्रक’ म्हणजे आपल्याकडची मालमोटार असेलच असे नाही. मागे उघडा हौदा असलेली घरची गाडीही ट्रकच. तिच्यामागे ट्रेलर जोडून होडी, घोडे, लाकूड किंवा चाकांवरचे अख्खे घर ओढून नेणे ही तिथली नित्याची गोष्ट आहे. हिवाळ्यात हे काम करायचे तर टायर कोणता घ्यावा, हा जिवाशी गाठ असलेला प्रश्न होतो. टायरच्या भिंतीवरचा मजकूर त्याचे उत्तर देण्यासाठीच आहे, असे घेणारा समजतो. पण त्या मजकुराचा इतिहास पाहिला तर काही वेगळे दिसते.

थंडीत तडकणारे रबर

रबराच्या उद्योगाची सुरुवातच थंडीने केलेल्या फजितीने झाली. १८३३ साली अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्समध्ये रॉक्सबरी इंडिया रबर कंपनी निघाली. बूट, टोप्या, पाण्यापासून बचाव करणारे कापड असा तिचा माल हातोहात खपला. मग उन्हाळ्यात तो वितळून चिकट झाला, हिवाळ्यात कडक होऊन तडकला, आणि गिऱ्हाइके तो परत करू लागली. चार्ल्स गुडइयर या दिवाळखोर माणसाने याच कोड्याचा ध्यास घेतला. १८३९मध्ये त्याला दिसले की रबरात गंधक मिसळून ते तापवले तर ते उन्हाला आणि थंडीला बऱ्यापैकी दाद देत नाही. पेटंट १८४४मध्ये मिळाले. १८६०मध्ये तो वारला तेव्हा डोक्यावर कर्ज होते. ज्या टायर कंपनीला आज त्याचे नाव आहे ती त्याच्यानंतर अडतीस वर्षांनी निघाली आणि तिचा त्याच्या घराण्याशी काही संबंध नव्हता.

गंधकाने रबर सुधारले, पण त्याचा मूळ स्वभाव गेला नाही. प्रत्येक जातीच्या रबराचे एक तापमान असते. त्याच्या खाली ते काचेसारखे ठिसूळ होते. नैसर्गिक रबराच्या बाबतीत ते उणे ७० अंश सेल्सियसच्या आसपास आहे. टायरमध्ये फार वापरल्या जाणाऱ्या एका कृत्रिम रबरासाठी ते पुष्कळ वर आहे. त्या टोकाला पोहोचण्याच्या खूप आधीच रबर ताठर होऊ लागते, आणि ताठर रबर रस्त्याच्या बारीक उंचसखलपणात शिरत नाही. तिथे शिरणे म्हणजेच पकड. म्हणून ७ अंशांच्या खाली हिवाळी टायर लावावा असा ठोकताळा आज सांगितला जातो. हिम पडलेले नसले तरी तो लागू होतो.

आपली भाषा उष्ण मुलखातली, त्यामुळे ‘बर्फ’ या एका शब्दावर आपले काम भागते. इथे मात्र दोन पदार्थ वेगळे धरायला हवेत. आकाशातून पडणारे भुसभुशीत हिम वेगळे आणि रस्त्यावर गोठलेला काचेसारखा बर्फ वेगळा. हिमात रुतायचे, ते खाचांत दाबून भरायचे आणि हिमानेच हिमाला धरायचे. त्यासाठी रुंद खाचा आणि मोठे ठोकळे लागतात. गोठलेल्या बर्फावर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो. तो पुसून काढून चिकटायचे, तर मऊ रबर आणि असंख्य बारीक चिरा लागतात. हिवाळी टायरचा इतिहास या दोन गरजांमधून पुढे सरकला आहे.

साखळी आणि फिनलंडचा ट्रक

पहिला उपाय टायरबाहेरचा होता. न्यूयॉर्क राज्यातल्या हॅरी वीड याने १९०४मध्ये चाकाला बांधायच्या साखळ्यांचे पेटंट घेतले. चिखलात अडकलेले मोटारवाले चाकांना दोर गुंडाळतात हे पाहून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात. साखळी आजही डोंगराळ घाटात तारून नेते. पण मोकळ्या रस्त्यावर ती काढावी लागते, पुन्हा हिम आले की पुन्हा बांधावी लागते, आणि ती बांधली असताना वेग मुळीच घेता येत नाही.

खास हिवाळ्यासाठी घडवलेला पहिला टायर १९३४मध्ये फिनलंडमध्ये निघाला, आणि तो ट्रकसाठी होता, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. बनवणारा कारखाना नोकिया या गावातला. आपल्या खिशात जिच्या नावाचा मोबाइल फोन कधी ना कधी असायचा ती कंपनी आणि हा रबराचा कारखाना १९६७मध्ये एकत्र आले होते. टायरचा धंदा १९८८मध्ये पुन्हा वेगळा झाला. १९३४च्या त्या टायरचे नाव ‘केलिरेंगास’, म्हणजे ‘हवामानाचा टायर’. त्याच्या तळव्यावर आडव्या जाड वरंब्या होत्या. हिम न उपसलेल्या रस्त्यावर त्या नांगरासारख्या रुतत. माल गावोगावी पोहोचला पाहिजे ही गरज आधी ट्रकला होती. प्रवासी मोटारींसाठी दोन वर्षांनी, १९३६मध्ये, ‘हक्कापेलिट्टा’ हा टायर आला. हे नाव सतराव्या शतकातल्या फिनिश घोडेस्वारांचे. तीस वर्षांच्या युद्धात ते स्वीडनच्या राजासाठी लढले आणि ‘तोडा, कापा’ अशा अर्थाची आरोळी ठोकत शत्रूवर तुटून पडत. त्या आरोळीवरून त्यांना हे नाव पडले. ‘हर हर महादेव’ ऐकत वाढलेल्या वाचकाला टायरच्या या बारशात काही विचित्र वाटू नये.

लाडोगा: वाहण्याऐवजी ओढणे

हिवाळा आणि ओझे यांची सर्वांत कठोर परीक्षा फिनलंडच्या शेजारीच झाली. सप्टेंबर १९४१मध्ये जर्मन सैन्याने लेनिनग्राडची जमिनीवरची वाट तोडली. उरला फक्त लाडोगा तलाव. नोव्हेंबरमध्ये तो गोठू लागला आणि २२ नोव्हेंबरला ६० ट्रकांचा पहिला तांडा त्या बर्फावरून शहरात ३३ टन अन्नसामग्री घेऊन आला. ट्रक होते गॅझ कारखान्याचे, फोर्डच्या नमुन्यावर बांधलेले, प्रत्येकी दीड टन क्षमतेचे. म्हणूनच त्यांना रशियन बोलीत ‘दीडवाले’ अशा अर्थाचे नाव होते. आता हिशेब करून पाहा. ६० ट्रकांत ३३ टन म्हणजे एका ट्रकमध्ये साधारण साडेपाचशे किलो, क्षमतेच्या एकतृतीयांशाहून थोडे जास्त. उपाशी शहराकडे जाणारे ट्रक दोनतृतीयांश रिकामे जात होते, कारण खालचा बर्फ त्याहून जास्त पेलत नव्हता.

त्यावर एक उपाय योजला गेला. काही माल ट्रकमध्ये न भरता मागे जोडलेल्या घसरगाडीवर लादायचा. एकूण वजन तेच राहिले तरी ते बर्फाच्या मोठ्या क्षेत्रावर पसरते. वैज्ञानिकांनी बर्फाचे हेलकावे मोजले. ठरावीक वेगाने जाणारा ट्रक बर्फाखालच्या पाण्यात अशी लाट उठवतो की तिनेच बर्फ फुटतो, हे त्यातून कळले. वेग आणि अंतर यांचे नियम त्यावरून ठरले. एप्रिल १९४२मध्ये बर्फ वितळेपर्यंत त्या वाटेने साडेतीन लाख टनांहून अधिक माल शहरात गेला आणि पाच लाखांहून अधिक माणसे बाहेर पडली. कितीतरी ट्रक तळाशी गेले.

या वाटेवर हिम, भार आणि वेग यांचा विचार एकत्र झाला होता. तोही टायरच्या कारखान्यात झाला नाही, तर वाटेवरच माणसे गमावत झाला. पुढच्या काळात हे तिन्ही विचार पुन्हा वेगवेगळ्या खोल्यांत गेले.

खिळे, धूळ आणि मऊ रबर

युद्धानंतर गोठलेल्या बर्फावर पकड मिळवण्यासाठी टायरच्या तळव्यात कठीण धातूचे खिळे बसवले जाऊ लागले. स्कँडिनेव्हियात १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून ते रुजले आणि पुढच्या दशकात अमेरिकेत पोहोचले. खिळा बर्फात रुततो तसा उघड्या रस्त्यालाही ओरबाडतो. रस्त्यांवर चाकोऱ्या पडू लागल्या. मिनेसोटाने १९७१मध्ये खिळ्यांच्या टायरवर बंदी घातली. कॅनडातल्या ऑन्टारियोनेही त्याच सुमारास तेच केले. जपानमध्ये प्रश्न आणखी गंभीर झाला. सेंदाईसारख्या शहरांत खिळ्यांनी खरवडलेल्या डांबराची धूळ हवेत मिसळून लोकांच्या छातीत जाऊ लागली. लोकांच्या तक्रारींतून १९९०मध्ये खास कायदा झाला आणि खिळ्यांचे टायर हद्दपार झाले.

खिळा गेल्यावर रबरालाच खिळ्याचे काम करावे लागले. १९८८मध्ये जपानच्या ब्रिजस्टोन कंपनीने ‘ब्लिझॅक’ हा टायर आणला. त्याच्या रबरात सूक्ष्म पोकळ्या आहेत. बर्फावरचा पाण्याचा पापुद्रा त्या शोषून घेतात आणि रबर कोरड्या बर्फाला भिडते. याच सुमारास काजळीच्या जोडीने सिलिका वापरून थंडीतही लवचीक राहणारी मिश्रणे इतर कंपन्यांनी बनवली. ठोकळ्यांवरच्या केसासारख्या बारीक चिरांची कूळकथा त्याहून जुनी आहे. जॉन साइप या अमेरिकनाने १९२३मध्ये बुटांच्या तळव्यांसाठी तशा चिरांचे पेटंट घेतले होते. त्याचे आडनाव इंग्रजीत त्या चिरांचेच नाव होऊन बसले आहे.

इथपर्यंतचा इतिहास पकडीचा आहे. त्याचा कल एकाच दिशेने आहे: रबर मऊ करा, ठोकळे लवचीक करा, चिरा वाढवा.

ओझ्याची भाषा

ओझ्याचा इतिहास याच्या नेमका उलट्या दिशेने गेला. सुरुवातीचे ट्रक भरीव रबराच्या चाकांवर चालत. हवेचा टायर ट्रकचे वजन पेलू शकेल यावर कोणाचा विश्वास नव्हता. तो बसावा म्हणून १९१७मध्ये गुडइयर कंपनीने ऍक्रन ते बोस्टन अशी हवेच्या टायरांवरची मालवाहतूक सुरू करून दाखवली. ताकद होती टायरच्या आतल्या कापडाच्या थरांत. थर जितके जास्त, तितकी हवा जास्त दाबाने भरता येते, आणि ओझे खरोखर तोलते ती हवाच. आपल्याकडे टायरवाल्याच्या दुकानात आजही ‘दहा प्लाय’, ‘सोळा प्लाय’ असे ऐकू येते ते त्या सुती थरांच्या काळातले आहे. सुताच्या जागी रेयॉन, नायलॉन आणि पोलाद आले, थरांची खरी संख्या घटली, तरी मोजमाप जुनेच राहिले. म्हणून मग अक्षरे आली. ‘लोड रेंज ई’ म्हणजे जुन्या दहा थरांच्या ताकदीचा. असा टायर साधारणपणे ८० पौंड हवा घेतो.

आता सुरुवातीचा मजकूर वाचता येतो. ‘एलटी’ म्हणजे हलक्या ट्रकसाठी बांधलेला. २७५ मिलिमीटर रुंदी, रुंदीच्या ७० टक्के उंचीची भिंत, ‘आर’ म्हणजे त्रिज्येच्या दिशेने दोरे असलेली बांधणी, १८ इंची रिम. १२५ हा भाराचा सांकेतिक आकडा असून त्याचा अर्थ १,६५० किलो. १२२ म्हणजे १,५०० किलो, मागच्या आसाला दोन-दोन चाके जोडीने असतील तेव्हाचा. ‘क्यू’ म्हणजे ताशी १६० किलोमीटर ही वेगाची मर्यादा. शेवटचे चार आकडे जन्मतारीख सांगतात. ३८२३ असेल तर टायर २०२३ सालच्या अडतिसाव्या आठवड्यातला. मऊ रबर वयाने कडक होते, त्यामुळे हिवाळी टायरच्या बाबतीत ही तारीख पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

प्रवासी मोटारीच्या जातीचा टायर पिकअपला बसवला तर अमेरिकी नियमानुसार त्याची भारक्षमता १.१ने भागून धरावी लागते. कारण उघड आहे. ट्रक घेणारा माणूस ओझे लादणार, आणि लिहिले आहे त्यापेक्षा जास्त लादणार, हे नियम करणाऱ्यांना माहीत होते. ओझे जास्त आणि हवा कमी झाली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, तापते आणि शेवटी आतले थर सुटतात. २०००च्या ऑगस्टमध्ये फायरस्टोनने लाखो टायर परत मागवले, तेव्हा जगाने हे पाहिले. फोर्ड एक्स्प्लोरर गाड्यांवरच्या त्या टायरांच्या अपघातांत अडीचशेहून अधिक माणसे गेल्याची नोंद सरकारी यंत्रणेने केली. दोष बनावटीचा किती आणि कमी हवेचा किती यावर दोन्ही कंपन्या जाहीरपणे भांडल्या. त्याच वर्षी कायदा झाला आणि पुढे प्रत्येक नव्या गाडीत हवेचा दाब सांगणारे यंत्र सक्तीचे झाले.

दोन लेखांमधली मोकळी जागा

डोंगर आणि हिमस्फटिकाची खूण १९९९मधली. त्याआधी ‘एम अधिक एस’ म्हणजे ‘चिखल आणि हिम’ एवढीच खूण होती. तिच्यासाठी टायरच्या तळव्याची भूमिती पाहिली जाई. रुंद खाचा असल्या की ती अक्षरे मिळत, बर्फावर टायर चालवून पाहण्याची अट नव्हती. नवी खूण मिळवायला परीक्षा द्यावी लागते. दाबलेल्या हिमावर, सरळ रेषेत, वेग घेताना टायरची ओढ मोजतात, आणि ती प्रमाण टायरपेक्षा ठरावीक प्रमाणात जास्त असावी लागते. हे पाऊल मोठे होते. पण या परीक्षेत ब्रेक नाही, वळण नाही आणि गोठलेला बर्फही नाही. मागे ट्रेलर तर नाहीच.

आणि भाराचा आकडा? तो कोरड्या प्रयोगशाळेत, फिरत्या ढोलावर टायर दाबून तपासला जातो. तिथे हिमाचा कणही नसतो.

टायरवरचे हे दोन लेख दोन वेगळ्या हातांनी लिहिले आहेत. एकाला ओझे दिसत नाही, दुसऱ्याला हिवाळा. बर्फातून ट्रेलर ओढणारा माणूस मात्र दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेत गाडी चालवत असतो.

त्या जागेत काय घडते ते पाहा. ३,००० किलोच्या ट्रेलरचा दहा ते पंधरा टक्के भार, म्हणजे ३०० ते ४५० किलो, ट्रकच्या मागच्या हुकावर टेकतो. हुक मागच्या आसाच्याही मागे असतो. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळते, तोच प्रकार इथे होतो. मागची चाके दबतात आणि पुढची हलकी होतात. वळण घेण्याचे आणि ब्रेकचे बहुतेक काम पुढच्या चाकांचे, आणि बर्फावर नेमका त्यांचाच जोर कमी झालेला असतो. मागच्या चाकांना ओझ्यासाठी ताठ ठोकळे हवेत. पुढच्या चाकांना पकडीसाठी मऊ रबर हवे. मऊ, चिरांनी भरलेला ठोकळा जड ओझ्याखाली वळवळतो, तापतो आणि लवकर झिजतो. ट्रेलरचे स्वतःचे टायर बहुतेक वेळा उन्हाळी रबराचेच असतात. उतारावर ते धरले नाहीत तर मागचा ट्रेलर पुढच्या गाडीला ढकलतो आणि दोन्ही कात्रीसारख्या मिटतात.

त्यात थंडी हवाही चोरते. २० अंशांच्या गॅरेजमध्ये ८० पौंड हवा भरली आणि गाडी उणे २० अंशांत उभी राहिली, तर वायूच्या साध्या नियमानुसार दाब ६७ पौंडांच्या आसपास उतरतो. टायर कुठे गळत नाही, पंक्चर नाही, तरी भिंतीवर लिहिलेले १,६५० किलो आता खरे राहत नाहीत, कारण तो आकडा ८० पौंडांच्या बोलीवर दिलेला आहे. हवा बाहेरच्या थंडीत, गाडी चालवण्याआधी मोजायची आणि भरायची, हे या सगळ्यात सर्वांत स्वस्त काम आहे आणि सर्वांत जास्त टाळलेही जाते.

मग निवड कशी करावी? इतिहासातून जे हाती येते ते असे. आधी भार ठरवावा: गाडीच्या दारावरच्या पट्टीत मागच्या आसाला जितकी क्षमता लिहिली आहे तितकी तरी दोन टायरांची मिळून हवीच, आणि ओढायचे असेल तर वर शिल्लक हवी. त्या चौकटीत बसणाऱ्या टायरांपैकी डोंगर-स्फटिकाची खूण असलेला घ्यावा, निव्वळ ‘एम अधिक एस’वर समाधान मानू नये. चारही चाकांना एकच जात लावावी. मागे दोनच लावले तर गाडी निघेल, पण वळणार नाही आणि थांबणार नाही. ट्रेलरच्या टायरांकडे आणि ब्रेककडे तितक्याच बारकाईने पाहावे. क्युबेक प्रांताने २००८पासून हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे केले. कायदा टायर लावून घेऊ शकतो, मागे किती ओढायचे ते रस्ता पाहून कमी करणे चालवणाऱ्याच्याच हातात राहते.

लाडोगावरच्या ट्रकांनी तेच केले होते. दीड टनाच्या गाडीत साडेपाचशे किलो भरून, उपाशी शहर समोर दिसत असतानाही, ते हळू गेले. त्यांच्या टायरवर कोणताही डोंगर किंवा स्फटिक उमटवलेला नव्हता.